चवड्याचं वय

गड निकामी करायचा तर त्याचं नेमकं काय मोडायचं, हे इंग्रजांना चांगलं उमगलं होतं. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर नाशिक भागातल्या कित्येक गडांच्या कातळातल्या पायऱ्या त्यांनी सुरुंग लावून उडवल्या. मैलभर तट पाडत बसण्यापेक्षा ते कमी खर्चाचं आणि जास्त टिकाऊ काम होतं. मदनगडाच्या वाटेवर अशा तुटलेल्या टप्प्यापाशी आजही दोर लावावा लागतो. कड्यात हाताला धरायला भेगा आणि कपारी तेव्हाही होत्या, आताही आहेत. पाऊल ठेवायची जागा गेली आणि वाट बंद झाली. सह्याद्रीतल्या जुन्या पाथरवटांना हे इंग्रजांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. कातळात पायासाठी खोदलेल्या उथळ खाचेला आपण पावठी म्हणतो, शब्दातच पाऊल आहे. हातासाठी खोदायची ती खोबणी, आणि ती पावठीच्या सोबतीला येते. असं असून आज प्रस्तरारोहणाची गोष्ट निघाली की बोलणं सगळं बोटांचं चालतं: बोटांची ताकद, बोटांच्या दुखापती, बोटांना टेप कसा गुंडाळायचा, बोटांवर लटकण्याच्या लाकडी पट्ट्या. पाय बुटात कोंबले की त्यांच्याविषयी बोलणं संपतं. पन्नाशीच्या पुढे कातळावर टिकून राहायचं असेल तर हा क्रम उलटा लावावा लागतो, आणि त्याची सुरुवात बुटाच्या नंबरापासून करावी लागते, असं माझं म्हणणं आहे. ते ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून जरा सविस्तर मांडतो.

दोन माणसांच्या गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. अमेरिकन गिर्यारोहक टॉमी काल्डवेलच्या डाव्या हाताची तर्जनी २००१ साली करवतीच्या अपघातात तुटली. तो थांबला नाही. २०१५ साली योसेमिटीमधल्या एल कॅपिटानवरची ‘डॉन वॉल’ ही तेव्हा अशक्यप्राय समजली जाणारी चढाई त्याने केव्हिन जॉर्गसनच्या जोडीने पूर्ण केली. दुसरी गोष्ट गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनरची. १९७० साली नंगा पर्वतावर हिमदंशाने त्याच्या पायाची बहुतेक बोटं गेली. त्याआधी तो डोलोमाइट्सच्या कातळावरचा त्या काळातला अव्वल गडी होता. बोटं गेल्यावर निव्वळ कातळावर पूर्वीसारखं चढणं जमेना, म्हणून तो बर्फाच्या उंच शिखरांकडे वळला आणि १९८६ सालापर्यंत आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं चढून गेला. जगाच्या दृष्टीने तो तोटा मुळीच नव्हता. कातळाच्या दृष्टीने मात्र होता. ही तुलना काटेकोर नाही, हे मान्य आहे. एक बोट गेलं तर उरलेली नऊ काम वाटून घेतात, आणि पायाची अर्ध्याहून अधिक बोटं जाणं ही वेगळ्याच मापाची हानी आहे. तरी एवढं दिसतं की हाताची उणीव पाय भरून काढतात, पायाची उणीव हाताने भरून निघत नाही. इंग्लंडच्या जॉनी डॉजने तर हात न वापरता, नुसत्या पायांच्या तोलावर कातळ चढण्याचा प्रकारच लोकप्रिय केला. नुसत्या हातांवर चढण्याचे नमुनेही पाहायला मिळतात, पण ते कसरतीत मोडतात. त्या रीतीने साठीत कोणी सुळका चढत नाही.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडूनच येतो. प्रस्तरारोहकांच्या अतिवापराच्या दुखापतींची नोंद पाहिली तर बोटांचे स्नायुबंध सर्वांत वर असतात, मग खांदा, मग कोपर. पाय त्या यादीत बरेच खाली, आणि वर आले तर पडल्यामुळे मोडलेल्या घोट्याच्या किंवा टाचेच्या रूपाने. मग काळजी बोटांची करायची की पायांची? हा आक्षेप नोंद कशाची होते हे विसरतो. बोटाचा बंध तुटला की ‘टप्’ असा आवाज येतो, चढाई त्याच क्षणी थांबते, माणूस दवाखान्यात जातो आणि कागदावर ओळ उमटते. पायाचं नुकसान आवाज करत नाही. अंगठ्याच्या मुळाशी हाड थोडं बाहेर येतं, नख काळं पडून गळतं, करंगळीवर कुरूप होतं, आणि हे सगळं ‘असतंच’ या सदरात जमा होतं. १९९८ साली अमेरिकेतल्या पायांच्या डॉक्टरांच्या नियतकालिकात शंभर प्रस्तरारोहकांचा एक अभ्यास आला होता. त्यातल्या पाचांपैकी चार जणांना चढताना पाय दुखत होते आणि ते तसेच चढत होते. जर्मनीचे डॉक्टर फोल्कर श्योफ्ल यांनी वरच्या दर्जाच्या प्रस्तरारोहकांची पावलं तपासली तेव्हा निम्म्याच्या आसपास लोकांत अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकून त्याच्या मुळाशी गाठ आलेली आढळली. इतर कुठल्याही खेळात पाचांतल्या चौघांना दुखतंय म्हटल्यावर चौकशी बसली असती. इथे त्याला पायाला बूट ‘बसला’ म्हणतात.

हा बूट इतका आखूड मुळात कसा झाला, तेही पाहायला हवं. आल्प्समधले जुने लोक तळाला खिळे ठोकलेले जड बूट घालत, किंवा अवघड टप्प्यावर नमद्याचे, दोरीच्या तळाचे हलके जोडे चढवत. १९३५ साली आल्प्समध्ये सोबती गमावल्यानंतर इटलीच्या व्हिटाले ब्रामानीने रबरी तळ बनवायला घेतला. १९३७ च्या त्या तळाला त्याच्याच नावातून बनलेलं ‘व्हिब्रॅम’ हे नाव मिळालं. फ्रान्समध्ये पिएर आलँने फाँतेनब्लोच्या जंगलातल्या वालुकाश्मांसाठी गुळगुळीत रबरी तळाचा, पायाला घट्ट बसणारा बूट तयार केला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनच्या बोरेयाल कंपनीचा ‘फिरे’ आला आणि त्याच्या चिकट रबराने जुने हिशेब बदलून टाकले. इथवरच्या बुटांत पाय बराचसा पायासारखाच राहत होता. पुढे युरोपात चुनखडीच्या अंगावर येणाऱ्या कड्यांवर आणि मग शहरांतल्या कृत्रिम भिंतींवर खेळ सरकला. तिथे शरीर पाठीकडे लोंबकळत असतं, पायाने उभं राहायचं नसतं, तर टोकाने होल्ड, म्हणजे पकडीची जागा, धरून शरीर भिंतीकडे ओढून ठेवायचं असतं. त्यासाठी पुढून खाली वळलेला, पोपटाच्या चोचीसारखा बूट निघाला, आणि तो बोटं मुडपूनच घालायचा असतो. तिथे तो योग्यच आहे. गंमत अशी की ही एका विशिष्ट जागेची गरज पाहता पाहता सगळ्या खेळाची शिस्त बनली, आणि ज्यांना आयुष्यात कधी छतासारख्या कड्यावर लटकायचं नाही तेही दीड-दोन नंबर लहान बूट घालून दात-ओठ खाऊ लागले. फॅशन पायात शिरली की मेंदूतून काढणं अवघड जातं.

आता वय काय करतं ते पाहू. पन्नाशीनंतर स्नायूंची एकाएकी लागणारी ताकद आधी जाते, सावकाश लागणारी चिवट ताकद नंतर. बोटांचे स्नायुबंध भरून यायला वेळ घेतात, खांद्याचा सांधा उंच हाताच्या झटक्यांना नाराज होतो. त्यामुळे अंगावर येणारा कडा हळूहळू हातचा सुटतो आणि माणूस सरळ किंवा मागे कललेल्या कातळाकडे येतो, ज्याला गिर्यारोहक स्लॅब म्हणतात. तिथे भार पायांवर असतो, तोल आणि धीर यांचं काम जास्त. स्वित्झर्लंडचे मार्सेल रेमी २०१७ साली वयाच्या ९४ व्या वर्षी ज्या भिंतीवर चढले, ती ‘मिरवार द लार्जांतीन’ म्हणजे चुनखडीचा प्रचंड तिरपा आरसाच आहे, स्लॅबचा नमुना. त्या वयात ते छताला लटकायला गेले नाहीत. या कातळावर पाऊल कसं ठेवतात? टाच खाली सोडून, चवडा कातळाला चिकटवून, जास्तीत जास्त रबर टेकवून. शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम सांगतो की पकड भारावर अवलंबून असते, क्षेत्रफळावर नाही. पण रबर हा नियम नीट पाळत नाही, ते खडकाच्या खरबरीतपणात शिरतं आणि जितकं टेकेल तितकं कामी येतं. टाच खाली गेली की अंगठ्याला मुळापाशी मागे वळावं लागतं, म्हणजे नखाच्या दिशेने वर. चालतानाही आपण दर पावलाला हेच करतो, कातळावर ते भार घेऊन करायचं असतं. आणि आखूड बुटाने वर्षानुवर्षं ज्याची हानी होते तो नेमका हाच सांधा. आधी झुकतो, मग झिजतो, मग ताठरतो. ताठर अंगठ्याचा माणूस आखूड, वळलेल्या बुटात काही काळ चढू शकतो, कारण तिथे अंगठा मुडपलेलाच असतो. पण तिरप्या कातळावर चवडा टेकवायला गेला की कळ मस्तकात जाते. म्हणजे तरुणपणी घट्ट बुटाने जे काही मिळवलं, ते म्हातारपणी ज्या एका प्रकारच्या चढाईला आपण योग्य राहणार असतो तिच्याच खात्यातून उचललेलं असतं. माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा हा आहे. नख परत येतं, कुरूप कापता येतं. अंगठ्याच्या मुळाचा झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही.

सह्याद्रीत तर ही गोष्ट दुपटीने लागू पडते. आपला कातळ बसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. दोन कठीण थरांमध्ये मऊ, भुसभुशीत पट्टा, मध्येच लाल मातीची रेघ, उन्हापावसाने सुटलेले दगड, फटीत वाळलेलं गवत. योसेमिटीच्या ग्रॅनाइटसारखा हा एकसंध नाही. लिंगाणा असो, तैलबैला असो की जीवधनशेजारचा वानरलिंगी, इथे नवख्याला पहिला धडा मिळतो तो म्हणजे होल्ड ठोकून पाहा आणि स्वतःकडे ओढू नका. त्यामागचं कारण साधं आहे. सुटा दगड खाली दाबला तर बहुधा जागेवर बसतो, बाहेर ओढला तर हातात येतो. हात स्वभावाने ओढतात, पाय स्वभावाने दाबतात. ज्या कातळात ओढणं धोक्याचं, तिथे पायावर चढणारा जास्त जगतो. शिवाय इथे कातळाआधी दोन-तीन तासांची चाल असते आणि कातळानंतर घसाऱ्याची उतरण. उतरताना बोटं बुटाच्या पुढच्या भिंतीवर आपटत राहतात, आणि सकाळी आखूड बुटाने सुजलेल्या त्याच बोटांना संध्याकाळी हा मार बसतो. मार्च उजाडला की काळा कातळ दुपारी तव्यासारखा तापतो, पाय फुगतात, रबर मऊ पडतं. म्हणून सकाळी दुकानात बरोबर बसलेला बूट दुपारी तिसऱ्या टप्प्यावर शिक्षा वाटतो. युरोपातल्या गावाजवळच्या, पाच मिनिटं चालून पोचायच्या वीस मीटरच्या कड्यासाठी बनवलेली बुटाची शिस्त आपण दिवसभराच्या सह्याद्रीला लावतो, यात मला काही तर्क दिसत नाही. आपल्याकडच्या कित्येक जुन्या चढाया साध्या कॅनव्हासच्या बुटांत झाल्या, हे विसरायला नको. त्या बुटांचा गौरव करण्यासाठी हे सांगत नाही. ते घसरत, ओले झाले की जड होत. एवढंच की त्यात कोणी बोटं मुडपत नव्हतं आणि सुळके तरीही चढले गेले.

जाणता गडी इथे अडवून म्हणेल की सैल बुटात नखाएवढ्या कपारीवर उभं राहता येत नाही, रबर कडेवरून गुंडाळलं जातं, आणि असा पाय निसटणं हे गाठ येण्यापेक्षा जास्त धोक्याचं. आक्षेप खरा आहे, पण तो घट्ट आणि आखूड या दोन वेगळ्या गोष्टींना एक समजतो. घट्ट म्हणजे बुटात पोकळी नाही: टाच सुटत नाही, बाजूने पाय हलत नाही, वर बंद कसले की पाऊल आणि बूट एक होतात. आखूड म्हणजे लांबीच कमी, म्हणून बोटांनी मुडपून जागा करून द्यायची. चोखंदळ चढाईला घट्टपणा लागतो. आखूडपणा लागतो तो मऊ तळाच्या बुटाला, कारण मऊ तळाला ताठपणा द्यायचं काम मुडपलेली बोटं करतात. तळ मुळातच ताठ असला तर बोटांना ते करावं लागत नाही. तरुण माणसाच्या तळव्याचे छोटे स्नायू मजबूत असतात, तो मऊ बूट पेलतो. वय झालेल्याने हा ताठपणा उसना, म्हणजे बुटाच्या तळातून घ्यावा आणि बोटं अंगठ्यासकट जवळजवळ सरळ, टोकाला हलकी टेकलेली ठेवावीत. यात थोडी संवेदना जाते, कबूल. तिरप्या कातळावर ताठ तळ जरा अडाणी वागतो, त्याला खडक ‘वाचता’ येत नाही. म्हणून कपारींच्या सरळ कड्याला ताठ बूट आणि स्लॅबला मऊ पण पुरेशा लांबीचा, असे दोन जोड बाळगणं हा वयाचा चोचला नाही. घरात एकाच सुरीने नारळ फोडणारे आणि कोथिंबीर चिरणारे लोक थोडे असतात.

दुसरा आक्षेप जास्त शास्त्रीय आहे. अंगठ्याची गाठ आनुवंशिक असते. ज्या घरात आजीला असते तिथे नातीलाही दिसते, मग तिने आयुष्यात कातळ पाहिलेला असो वा नसो. शिवाय वरच्या अभ्यासांत एका वेळी लोकांचे पाय पाहिले गेले. बूट आधी की गाठ आधी, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. दोन्ही मुद्दे मान्य करून मी विचारतो की त्यातून निष्कर्ष काय निघतो? घरात गाठेची परंपरा असेल तर आखूड बूट जास्त विचार करून घालावा, की बेफिकीरपणे? मधुमेहही घराण्यातून येतो, म्हणून कोणी साखर मोकाट सोडत नाही. बुटाचा पायावर परिणाम होतो याचा अगदी आपल्या शेजारचा पुरावा आहे: कर्नाटकातल्या मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ साली २३०० मुलांचे पाय तपासले, तेव्हा पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के निघालं. ही मुलं होती, गिर्यारोहक नव्हते, आणि सपाट तळवा म्हणजे अंगठ्याची गाठ नव्हे. तरी पाऊल ही चपलेच्या आकाराला दाद देणारी वस्तू आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. यावर काही उत्साही मंडळी लगेच दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, मग बूटच नको. फ्रान्सचा शार्ल आल्बेर फाँतेनब्लोचे अतिकठीण दगड अनवाणी चढतो, आणि आपल्या डोंगरांतले महादेव कोळी, ठाकर, कातकरी पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी वावरले. पण या डोंगरी लोकांचा तळवा जन्मापासून तयार झालेला असतो. पंचावन्न वर्षं चपला-बूट-मोज्यांत काढलेलं शहरी पाऊल एका हिवाळ्यात कातकऱ्याचं होत नाही, आणि ज्यांना परवडतात ते डोंगरातले लोकही काट्याकुट्यात बूट घालतातच. अनवाणीपणाचा उपयोग घरात, गवतावर, वाळूत चालण्यापुरता करावा. तळव्याच्या छोट्या स्नायूंना तेवढ्यानेही जाग येते.

वय वाढतं तसं पायाच्या दुखण्याचा अर्थही बदलतो, आणि इकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. एका पावलात २६ हाडं असतात, दोन्ही मिळून शरीरातल्या हाडांपैकी एक चतुर्थांश. चवड्याखाली आणि टाचेखाली चरबीची गादी असते. ती वयानुसार पातळ होते, आणि अंगठ्याखालची वाटाण्याएवढी दोन हाडं जवळजवळ थेट टेकू लागतात. कमानीचे बंध सैलावतात, पाऊल लांबतं आणि रुंदावतं, म्हणून तिशीत घेतलेला नंबर साठीत अर्ध्या-एक नंबराने खोटा ठरतो, आणि आपण मात्र जिद्दीने तोच मागतो. त्यातच तळव्याची संवेदना मंदावते. आपल्या देशात याला मधुमेहाची जोड आहे: २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्याने पायाच्या नसा बधिर होणं ही नेहमीची गोष्ट. विशीतल्या गिर्यारोहकाला बूट काढल्यावर पाच मिनिटांनी बोटांत पुन्हा रक्त येतं, तो हसतो आणि दुसरा टप्पा चढतो. दुखणं सोसण्याची ही सवय त्याने शौर्य म्हणून जोपासलेली असते. तीच सवय साठीत घेऊन आलेला माणूस बधिरपणाला बुटाचा नेहमीचा परिणाम समजतो, आणि नसांचा आजार वर्षभर त्या समजुतीआड लपून बसतो. बूट काढून अर्धा तास झाल्यावरही बोटं झिणझिणत असतील तर दोष बुटाचा की रक्तातल्या साखरेचा, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवं. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का, हे पाहायला त्यांना दोन मिनिटं लागतात. ज्याला तळव्याखालचा खडा कळत नाही त्याला कातळ काय सांगणार?

मग करायचं काय, हे मोठ्या नावाच्या उपचारांशिवायही सांगता येतं. सह्याद्रीचा पावसाळा ही पायांची सक्तीची सुट्टी आहे. जून ते सप्टेंबर कडे निसरडे, दोर भिंतीवर टांगलेले. पण ओल्या वाटांच्या भटकंतीने याच काळात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि ऑक्टोबरात घामट बुटात त्या बरोबर येतात. मलम लावणारे पुष्कळ, बोटांच्या मधली जागा कोरडी पुसणारे कमी. या दोहोंतला दुसरा उपाय खरा. बूट ओला असताना पिशवीत कोंबू नये, उन्हात करपवूही नये, रबराचा सांधा सुटतो. सावलीत उघडा ठेवावा. नखं सरळ कापावीत, कोपरे गोल करत आत शिरू नये, नाहीतर नख मांसात घुसतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं आणि वयानुसार आणखी मंदावतं. गमावलेलं अंगठ्याचं नख पुरतं यायला वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणजे एक आख्खा मोसम. कुरूप ब्लेडने घरी कापण्याचा मोह मधुमेह असलेल्याने पूर्ण टाळावा. टाचेच्या भेगांना कोकणात कोकमतेल लावतात. ते लावून मोजे घालून झोपणं बाजारातल्या महाग क्रीमइतकंच काम करतं असं मला वाटतं. काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासण्याची जुनी रीत आहे. तिने डोळे सुधारतात वगैरे जे सांगतात त्यावर माझा विश्वास नाही. पण रोज रात्री दहा मिनिटं कोणीतरी, निदान आपण स्वतः, आपला तळवा नीट हातात घेतो आणि बघतो, यात जी तपासणी आपोआप होते ती कुठल्याही वाटीहून मोलाची आहे. अंगठा हाताने वर वळवून तो कुठवर जातो हे महिन्यातून एकदा पाहावं; दोन पायांत फरक पडू लागला की कारण शोधावं. जमिनीवर सपाट पाऊल ठेवून बाकीची बोटं न हलवता एकटा अंगठा उचलायचा, मग अंगठा दाबून बाकीची उचलायची. हे बहुतेकांना पहिल्या दिवशी जमत नाही, याची जरा लाजही वाटते. दोन टप्प्यांमध्ये बिले देताना, म्हणजे सोबत्याचा दोर सांभाळताना, बुटाची टाच काढून मोकळी ठेवण्याला जुने लोक हसत नाहीत, नवेच हसतात.

एक आक्षेप मात्र राहतो, आणि तो घरचे लोक घेतात. इतका त्रास आहे तर चढायचंच कशाला, आता वय झालं, पाय मोकळे करायला टेकडी पुरे. टेकडी उत्तमच. पण या सल्ल्यात एक गृहीत आहे की चढणं सोडलं तर पाय वाचतील. पायाचे स्नायू, घोट्याचा तोल, तळव्याची जाण, ही न वापरता ठेवली तर अधिकच लवकर जातात. म्हातारपणी माणसं पडतात ती कड्यावर कमी, न्हाणीघरात जास्त. झेरमॅटचे उलरिच इंडरबिनन हे वाटाडे १९९० साली नव्वदाव्या वर्षी मॅटरहॉर्न चढले. त्यांनी आयुष्यभर केलं काय, तर चालणं आणि चढणं. दोष चढण्यात नाही, बुटाच्या लांबीत आहे, आणि तो दुकानात सुधारता येतो. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय भरल्यावर जावं. दोन्ही पावलं मोजून घ्यावीत, कारण ती बहुधा सारखी नसतात, आणि मोठ्या पावलाला बूट घ्यावा. मोजे घालायचे असतील तर तेच घालून पाहावं. दुकानातला तरुण मुलगा सवयीने अर्धा नंबर लहान घेऊन येईल आणि म्हणेल, “काका, हा सैल होतो नंतर.” चामड्याचा थोडा होतो, कृत्रिम कापडाचा जवळपास होत नाही. तिथे ठेवलेल्या उतरत्या लाकडी फळीवर पाच मिनिटं उभं राहावं, टाच खाली सोडावी, अंगठा मागे वळतो का ते पाहावं, करंगळी चिमटत नाही ना हे पाहावं, आणि जमत नसेल तर मोठ्या नंबराचा जोड मागवावा.